खबर किती मिनिटांची?

 खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी ज्या पुण्याच्या उशाशी आहे, तिथे लष्करी परिषद का भरवली, हे सांगावं लागत नाही. विषय मात्र अवघड घेतलाय: कमांड अँड कंट्रोल, म्हणजे हुकूम आणि नियंत्रणाची यंत्रणा, किती चांगली हे कसं मोजायचं. तोफेचा पल्ला मोजता येतो. हुकमाचा कसा मोजायचा?

लढाई जिंकली म्हणजे कमांड अँड कंट्रोल उत्तम, हा हिशेब मला पटत नाही. शत्रूच्या चुकांमुळेही लढाया जिंकल्या जातात.

1940 ची ब्रिटनची लढाई घ्या. एअर चीफ मार्शल डाउडिंग यांच्या नेतृत्वाखालच्या ब्रिटिश फायटर कमांडमध्ये किनाऱ्यावरच्या रडारच्या खबरा बेंटली प्रायरी इथल्या मुख्यालयाच्या फिल्टर रूममध्ये पारखल्या जात, मग खालच्या ग्रुप आणि सेक्टर मुख्यालयांकडे जात. ऑपरेशन्स रूममध्ये नकाशाचं टेबल आणि भिंतीवर घड्याळ. तबकडीवर लाल, पिवळा, निळा असे पाच-पाच मिनिटांचे रंगीत भाग. मिनिटकाटा ज्या रंगावर असेल, त्या रंगाची खूण टेबलावर ठेवायची. कोणती खबर ताजी आणि कोणती शिळी, हे नियंत्रकाला नुसत्या नजरेनं कळे. शिळ्या खुणा उचलल्या जात. माझ्या मते मोजमापाचा गाभा त्या घड्याळात आहे.

याच्या उलट 7 डिसेंबर 1941. हवाई बेटांतल्या ओपाना रडारवर सकाळी सातच्या सुमारास, दोनशेहून अधिक किलोमीटरवर, विमानांचा मोठा थवा दिसला. तिथल्या जवानांनी लगेच फोन केला. पलीकडच्या अधिकाऱ्याला वाटलं, आपलीच बी-17 विमानं येताहेत. तासाभराच्या आत पर्ल हार्बरवर बॉम्ब पडू लागले. रडार पास, फोन पास, यंत्रणा नापास!

म्हणून वक्त्यांना विनंती. किती स्क्रीन बसवल्या, बँडविड्थ किती, हे जरूर सांगा. स्लाइडवर ते छान दिसतं. पण खबर दिसल्यापासून हुकूम सुटेपर्यंत किती वेळ गेला, मध्ये ती कुणाच्या टेबलावर अडली, हेही सांगा. आणि संपर्क तुटल्यावर पुढच्या ठाण्यावरच्या मेजरनं काय केलं? हे मोजणं सर्वांत कठीण. वरिष्ठांचा हेतू त्याला आधीच ठाऊक असेल, तर तो मुक्या रेडिओसमोर बसून राहत नाही. सरावात रेडिओ मुद्दाम बंद पाडल्याशिवाय हे कळायचं नाही, आणि असे सराव फारसे कुणाला आवडत नाहीत.

निवास-भोजनाची काही अडचण आल्यास दारातल्या स्वयंसेवकांना सांगा. आता बीजभाषणासाठी माईक मोकळा करतो.