तुघलकाबादचा धक्का



दिल्लीच्या श्री अरविंद मार्गावरच्या एनसीईआरटीनं काढलेल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक गणित वर्षानुवर्षं होतं. दोन किलोच्या पिस्तुलातून २० ग्रॅमची गोळी सेकंदाला १५० मीटर वेगानं सुटली, तर पिस्तूल किती वेगानं मागे येईल? उत्तर, सेकंदाला दीड मीटर. गणित चोख; गोळी मात्र पिस्तुलाच्या मानानं अंमळ जडच.

खरी गोळी बघायची तर तुघलकाबादला जावं. तिथली डॉ. कर्णी सिंग शूटिंग रेंज १९८२च्या एशियाडसाठी बांधली. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच रेंजवर महाराष्ट्राच्या अनिसा सय्यद आणि कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तुलाचं जोडीचं सुवर्ण घेतलं. वैयक्तिक सुवर्ण अनिसाचं, रौप्य राहीचं. या प्रकारातली पॉइंट टू टू गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास. पिस्तूल सव्वा-एक किलोचं धरलं, तर ते मागे येतं सेकंदाला साधारण पाऊण मीटर वेगानं. संवेग दोघांचा सारखाच, दिशा उलट. ऊर्जेची वाटणी मात्र भलतीच विषम: गोळीच्या वाट्याला पिस्तुलाच्या चारशेपटीहून जास्त. म्हणून लक्ष्याला भोक पडतं आणि मनगटाला नुसता झटका बसतो.

पण पिस्तूल तर हातात घट्ट धरलेलं असतं. मग संवेग टिकून राहण्याची ‘बाहेरचं बल नाही’ ही अट पाळली जाते, हे कसं म्हणायचं? इथे वेळ बघायची. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा हजारावा भाग, फार तर थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात हाताची पकड किंवा गुरुत्वाकर्षण संवेगात फारशी ढवळाढवळ करू शकत नाही. तेवढ्यापुरती गोळी, पिस्तूल आणि दारूचा वायू ही विलग संस्था. पुढच्याच क्षणी मनगट, दंड, पाय, जमीन सगळे हिशेबात येतात आणि संस्थेची हद्द थेट पृथ्वीपर्यंत जाते. हद्द कुठे आणि किती वेळासाठी आखायची, हे गणित करणाऱ्यानं ठरवायचं असतं. पुस्तकं नेमकं हेच एका ओळीत उरकतात.

ज्यांचं नाव रेंजला आहे ते बिकानेरचे कर्णी सिंग ट्रॅपचे, म्हणजे बंदुकीनं उडत्या तबकड्या टिपण्याच्या प्रकारातले नेमबाज. १९६२मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांना रौप्य मिळालं होतं. ट्रॅपच्या काडतुसात आज २४ ग्रॅम छर्रे असतात, वेग सेकंदाला चारशे मीटरच्या घरात. साडेतीन किलोची बंदूक मोकळी असती, तर पावणेतीन मीटर वेगानं मागे आली असती. दस्ता खांद्याशी घट्ट दाबला की सत्तर किलोचं शरीर बंदुकीच्या बाजूनं उभं राहतं. बोटभर फट ठेवली, की बंदूक आधी वेग घेते आणि मग खांद्यावर आदळते. पात्रता फेरीत १२५ तबकड्या असतात, शिवाय पहिला बार हुकला तर दुसऱ्याची मुभा. खांद्याला एकूण धक्के किती, ते श्रोत्यांनीच मोजावं.