परिषदेच्या अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, गुन्हेशास्त्राचे प्राध्यापक, विद्यार्थी मित्रहो आणि मागे उभे असलेले माझे घुग्घुसकर बंधू-भगिनी,

खुर्च्या कमी पडल्या याची आधी क्षमा मागतो. जास्तीच्या खुर्च्यांचा टेम्पो कोळशाच्या ट्रकांमागे अडकला आहे. निघाला आहे, पोहोचतोच आहे.

आमचे गाव कोळशाचे, म्हणून पाहुणे आल्या आल्या रुमाल काढतात. पण गाव कोळशाच्या आधीचे आहे. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरने चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातील लेण्यांची नावे दिली, त्यात भांदक, विंजासन, देवाळा यांच्या ओळीत घुग्घुस आहे. चंद्रपूरचा किल्ला सगळे पाहतात, भद्रावतीला सगळे जातात, आमच्या लेण्यांचे नाव कोणी काढत नाही. ते आज मी काढले.

आता एका विसरलेल्या माणसाबद्दल बोलतो. अध्यक्षीणबाई घड्याळ पाहत आहेत, तरी बोलतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले थिओडोर ह्यूज नावाचे साहेब वर्धेच्या काठाकाठाने हिंडले आणि १८७७ मध्ये वर्धा खोऱ्याच्या कोळशावर त्यांचा मोठा अहवाल निघाला. ठिकठिकाणी भोके पाडायची, कुठे किती खोलीवर कोळसा लागला ते लिहायचे आणि दोन भोकांमधल्या न पाहिलेल्या जमिनीत काय असेल ते सांगायचे! वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणी, सिमेंट कारखाना, लोखंडाचा कारखाना आणि पोट भरायला तेलंगणातून, छत्तीसगडातून, बिहारातून आलेली आमची माणसे, सगळे त्या कोळशामागून आले. ह्यूजसाहेबांच्या नावाची साधी पाटीही मी गावात पाहिलेली नाही. नगर परिषदेने मनावर घ्यावे. ती तरी कुठे सहज मिळाली? तीस हजारांच्या वरचे गाव, आणि कारभार ग्रामपंचायतीचा! निवडणुकीवर बहिष्कार टाकला, तेव्हा कुठे २०२० संपता संपता नगर परिषद झाली.

खाणींच्या या गावात ऑगस्ट २०२२ मध्ये आमराई वॉर्डात जमीन खचून एक राहते घर गडप झाले, ते आपण वाचले असेल. माणसे वेळेत बाहेर पडली, वाचली. आजचा मंडप त्या भागापासून लांब आहे, निर्धास्त बसा.

आता तुमच्या विषयाकडे येतो, रिग्रेशनकडे, म्हणजे आकड्यांवरून अंदाज बांधण्याच्या पद्धतीकडे. माझा धंदा वाहतुकीचा, पण समितीतल्या एका प्राध्यापकांनी मला दोन संध्याकाळी बसवून समजावले. मला वाटले, न पाहिलेल्या जमिनीचा अंदाज म्हणजे ह्यूजसाहेबांचेच काम. मग मी त्यांना विचारले, यासाठी परदेशातली उदाहरणे कशाला? आमच्या जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी लागली आणि २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने ती उठवण्याचा निर्णय घेतला. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, वर्ध्यात त्याही आधीपासून. आणि आमच्या वर्धा नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात त्या काळात बंदी नव्हती. म्हणजे कायदा एका काठावर बदलला, समोरच्या काठावर नाही. दोन्ही काठांचे आधीचे आणि नंतरचे आकडे लावून पाहायला याहून चांगली जागा कुठली?

मात्र विद्यार्थ्यांना आधी ठाण्यातली नोंदवही वाचायला शिकवा. बंदी लागली की बाटली बाळगणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो. मग जिल्ह्यात गुन्हेगारी वाढली, की गुन्ह्याची व्याख्या? पोलिसांनी मोहीम काढली त्या महिन्यात आकडा चढतो, म्हणून दारू त्याच महिन्यात जास्त आली असे होत नाही. बायकोला झालेली मारहाण तर कित्येकदा नोंदवहीत येतच नाही. दोन्ही काठांची तुलनाही जपून करावी, कारण पलीकडची दारू पुलावरून इकडे येतच होती. आणि बंदी उठली ती नेमकी कोरोनाच्या काळात, तेव्हा कोणता फरक कशामुळे पडला हे वेगळे काढताना तुमच्या संगणकालाही घाम फुटेल. बंदीचा फेरविचार करणाऱ्या रमानाथ झा समितीचा अहवाल झाला, बंदी हवी म्हणून पायी चाललेल्या बाया झाल्या, बंदी नको म्हणणारेही झाले. दोन्हीकडचे लोक आकडे फेकतात. माझे मत विचाराल तर ते आकडे कच्चे आहेत, आणि पक्के करणे हे तुमचे काम आहे.

आता उणिवा. काही पाहुण्यांची सोय चंद्रपूरला करावी लागली, जाण्या-येण्याचा त्रास झाला. नळाचे पाणी सकाळी उशिरा आले. पडद्यावर धूळ बसते, दर तासाला पुसायला माणूस ठेवला आहे. वडाभात आणि सांबारवडी तिखट लागेल. ताक भरपूर ठेवले आहे.

आभार मानायचे तर मंडप उधारीवर देणारे मंडपवाले, शाळेचे मुख्याध्यापक आणि शिपाई, तांदूळ देणारे व्यापारी, दोन दिवस गाड्या फुकट देणारे माझे वाहतूकदार मित्र, रात्रभर वड्या थापणाऱ्या बचत गटाच्या ताई, पाळी बदलून स्वयंसेवक झालेले खाणकामगार. ज्यांनी नाव न सांगण्याच्या अटीवर पाकीट दिले, त्यांचेही. कोणाचे नाव राहिले असेल तर रागावू नका, हिशेबाच्या वहीत आहे.

एकच मागणे आहे. तुमच्यापैकी एकाने तरी आमच्या या दोन काठांवर प्रबंध करावा. राहण्या-जेवणाचा खर्च स्वागत समिती उचलेल, हे मी खजिनदारांना न विचारता जाहीर करतो. वर्धेच्या पुलाकडे जाणारी गाडी दुपारी दोनला शाळेच्या फाटकातून सुटेल.