मेंदूचा खेळ आणि मनाची मालकी



मेंदूला यंत्र जोडून माणसे एकत्र खेळ खेळतात, हा विषय कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने का घ्यावा, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर ओघाने येईलच. आधी ही वस्तू काय आहे ते पाहू.

मेंदूचे काम विजेच्या अतिसूक्ष्म लहरींनी चालते. जर्मनीतील हान्स बर्गर या डॉक्टराने १९२४ साली माणसाच्या मेंदूतील लहरी पहिल्यांदा टिपल्या. १९७३ साली अमेरिकेत जॅक व्हिडाल यांनी प्रश्न मांडला की, याच लहरींनी संगणक चालविता येईल काय? तेथून या विद्येचा आरंभ धरतात. पण यंत्राला मनातले विचार वाचता येतात, असे मात्र कोणी समजू नये. गिरणीच्या भिंतीबाहेर उभे राहिले तर माग चालू आहेत की बंद, एवढे आवाजावरून कळते. कोणत्या मागावर कोणते कापड निघते आहे, ते कळत नाही. डोक्यावर घालावयाची टोपी ही अशी भिंतीबाहेरची आहे. कवटी उघडून आत तारा बसविल्या तर अधिक कळते. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मानेखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत असे यंत्र बसविले, आणि तो हात न हलविता संगणकावर बुद्धिबळ खेळू लागला. ज्याला अंथरुणावरून उठता येत नाही, त्याला चार माणसांत पुन्हा बसता आले, याचे मोल आम्ही मुळीच कमी लेखत नाही.

आता एकत्र खेळण्याची गोष्ट. वॉशिंग्टन विद्यापीठात आपल्याच देशातून गेलेले राजेश राव हे प्राध्यापक आहेत. ऑगस्ट २०१३ मध्ये ते एका खोलीत खेळाच्या पडद्यापुढे बसले; त्यांचे सहकारी आंद्रेया स्टोको दूर दुसऱ्या इमारतीत, त्यांना पडदा दिसत नव्हता. रावांनी तोफ डागण्यासाठी हात हलविण्याची केवळ कल्पना केली. ती लहर तारेतून गेली, स्टोको यांच्या डोक्याजवळील चुंबकीय वेटोळ्याने मेंदूला धक्का दिला, आणि त्यांचे बोट आपसूक कळीवर पडले. इच्छा एकाची, हात दुसऱ्याचा! गिरणीत आयुष्य घालविलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

पुढे त्याच विद्यापीठात तिघांचा खेळ झाला, त्याचा वृत्तांत २०१९ साली प्रसिद्ध झाला. वरून पडणारा ठोकळा फिरवून खालच्या फटीत बसवायचा. दोघांना सारा पडदा दिसे. तिसऱ्याला, ज्याच्या हाती निर्णय, त्याला फट दिसत नसे. दोघे लुकलुकणाऱ्या दोन दिव्यांपैकी एकाकडे बघत, आणि त्यावरून 'फिरव' की 'नको' हे तिसऱ्याच्या मेंदूत पोचे; 'फिरव' असेल तर त्याच्या डोळ्यांपुढे प्रकाश चमके. पाच गटांची सरासरी ८१.२५ टक्के अचूक आली. प्रयोगकर्त्यांनी मुद्दाम एकाचे निरोप बिघडविले, तेव्हा तिसरा माणूस कोणाचे ऐकावे हे अनुभवाने शिकला. आम्हाला सर्वांत आवडला तो हा भाग. सभेत कोणत्या पुढाऱ्याचे ऐकावे हे कामगारही असेच शिकतो.

आमच्या जावळीतली कितीतरी माणसे मुंबईकडे माथाडीचे काम करतात. चार गडी एका हाकेसरशी ओझे उचलतात, तिथे 'होय' पोचवायला क्षणही लागत नाही. त्यामानाने हा खेळ अजून रांगतो आहे. पण रांगते पोर उद्या चालणार, आणि ते कोणाच्या दाराशी जाईल हे आजच पाहिले पाहिजे.

चीनमधील हांगझौ येथे एका कारखान्यात कामगारांच्या टोप्यांत लहरी टिपणारी साधने बसविल्याचे वृत्त २०१८ साली आले. त्यावरून ताण ओळखून कामाचा वेग आणि विश्रांती ठरवावयाची, असे सांगितले गेले. अशा टोपीला माणसाच्या मनातला राग खरोखर कळतो काय, याची जाणकारांनी शंका घेतली. शंका रास्तच आहे. परंतु चुकीच्या आकड्यावर कापलेला पगार कापलेलाच राहतो.

आणि फार दूर कशाला? जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात शिक्षा देताना मेंदूच्या लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. आरोपीने गप्प बसायचे, गुन्ह्याची वाक्ये तिला ऐकवायची, आणि तिचा मेंदू काय म्हणतो ते यंत्राने सांगायचे! पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला की, अशा चाचण्या कोणावरही बळजबरीने करता येणार नाहीत. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही, हे तत्त्व मेंदूलाही लागू झाले. चिली देशाने तर २०२१ साली मेंदूतील माहितीचे रक्षण राज्यघटनेतच घातले, आणि २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीला ग्राहकाच्या मेंदूची नोंद पुसून टाकण्याचा हुकूम केला.

आरोपीला संरक्षण मिळाले; कामगाराचे काय? वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा आपला कायदा २०२३ साली झाला. त्यात मेंदूच्या लहरींचा वेगळा उल्लेख नाही. उलट कलम ७ मध्ये नोकरीच्या कामासाठी, किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, नोकराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची मुभा आहे. उद्या फाटकावर हजेरीच्या पत्र्याऐवजी टोपी हाती आली, तर मालक याच कलमाकडे बोट दाखवील. म्हणून आमचे म्हणणे असे की, पुढच्या वेतन करारात एक कलम आताच घालून घ्यावे: कामगाराच्या डोक्यावर कोणतेही मापनयंत्र त्याच्या लेखी संमतीशिवाय व संघटनेला नोंद दाखविल्याशिवाय बसविले जाणार नाही, आणि नकार दिल्याबद्दल कोणाची बढती वा भाकरी अडविली जाणार नाही.