विशाखापट्टणचे नाक आणि आपली रेल्वे

(नागपूर येथील कामगार शिबिरातील भाषण)



विशाखापट्टण बंदराच्या तोंडाशी दक्षिणेकडे एक डोंगर थेट समुद्रात घुसला आहे. त्याला 'डॉल्फिन्स नोज', म्हणजे डॉल्फिनचे नाक म्हणतात. नैर्ऋत्येच्या लाटा हे भूशिर अंगावर घेते, म्हणून त्याच्या आडोशाला जहाज शांत उभे राहते. पूर्वी कलकत्ता ते मद्रास एवढ्या लांब किनाऱ्यावर मोठ्या जहाजांना सुरक्षित बंदर नव्हते. जहाजे उघड्या समुद्रात नांगर टाकीत आणि माल होड्यांतून चढवावा-उतरवावा लागे.

मग बंदर १९३३ सालीच का झाले? नाक तर हजारो वर्षे तेथेच होते! याचे उत्तर आपल्या नागपुरातच आहे. नागपूर, भंडारा, बालाघाटचे मॅंगनीज परदेशी पाठवायला बंगाल-नागपूर रेल्वेला जवळचे बंदर हवे होते. रायपूर-विजयानगरम मार्ग १९३१ मध्ये पुरा झाला. तिकडे १९२७ पासून डोंगरामागची दलदल उपसण्याचे काम चालूच होते. ७ ऑक्टोबर १९३३ रोजी सिंदिया कंपनीचे 'जलदुर्गा' आत आले. आराखडे काढणाऱ्या इंजिनिअरांची नावे सापडतात, चिखल उपसणाऱ्यांची आम्हाला तरी कोठे दिसली नाहीत.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४१ मध्ये जहाजबांधणीचा कारखाना काढला तोही येथेच. १९४८ मध्ये 'जलउषा' येथून पाण्यात उतरले. पुढे बैलाडिल्याचे लोहखनिज जपानला जाऊ लागले. त्यासाठी किरंदुल-कोत्तवलसा मार्गावर पूर्व घाटात ५० हून अधिक बोगदे खोदले गेले.

पण नाक लाटा अडवते, वाळू पुरती अडवत नाही. पावसाळ्यात वाळू किनाऱ्याने उत्तरेकडे सरकते आणि जहाजांच्या वाटेत साचते. बंदर बांधताना दोन जुनी जहाजे, 'जेनस' आणि 'वेलस्डन', डोंगराच्या पायथ्याशी मुद्दाम बुडवून दगडांनी भरली, तेव्हा कोठे आडबंधारा झाला. तरीही गाळ काढावाच लागतो, नाहीतर जहाज अडते, जहाज अडले की धक्का तुंबतो आणि मागे आपल्या मालगाड्या यार्डात उभ्या राहतात.

२००३ साली सुरू झालेले तेथील कंटेनर टर्मिनल खाजगी कंपनी चालवते. नफा तिचा, पण जहाजांची वाट मोकळी ठेवण्याचे काम सरकारी बंदराच्याच गळ्यात. खाजगीकरण स्वस्त पडते, असे सांगायला कोणी आपल्या सभेत आला, तर या गाळाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, एवढे त्याला आधी विचारा.