सुटीची कॉफी



कामगारांत उभा जन्म काढलेल्या माणसाने कॉफीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण कॉफीला सवड लागते, आणि सवडीसाठीच तर आम्ही भांडत आलो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. पुढे कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसे बंद करायला घेतली, तेव्हा कामावरून गेलेल्या नोकरांनी १९५७ पासून सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवून दाखविली.

आमच्या वाळूज-चिकलठाण्याच्या पाळ्यांत चहा उभ्याउभ्याच घशाखाली उतरतो. कॉफी मात्र घरची, सुटीच्या दिवसाची. मंद आचेवर दूध, त्यात कॉफी-साखर, वर किसलेले जायफळ. सोबत शेंगदाण्याचा लाडू, नाहीतर तव्यावरचे धपाटे. हॉटेलात याहून अधिक काय मिळणार?

अशाच एका रविवारी आम्ही चार सहकाऱ्यांना आठ तासांच्या दिवसाचा इतिहास सांगत होतो. तिसऱ्यांदा कप घेऊन बाहेर आलेल्या आमच्या मंडळींनी विचारले, "आणि आमचा भोंगा कधी वाजायचा?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. त्या दिवसापासून रविवारची कॉफी आम्ही करतो. प्रथम ती दोनदा उतू गेली. लाडू तर अजून हातात फुटतात. पण घरातली सगळी एकाच वेळी बसून पितात. घरातल्या एकालाही जी मिळाली नाही, ती सुटी अर्धीच जिंकली, एवढेच आमचे सांगणे.