मुलूखमैदान आणि घाटातली बैलगाडी



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी एकच अट घातली, "विषय कोणताही घे, फक्त कॉम्प्युटर नको." मला हायसंच वाटलं. वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली की त्यावर बोलायचा उत्साह उरत नाही. म्हणून आज मी एका तोफेवर बोलणार आहे.

त्याआधी एक कबुली. आपण इतिहासाच्या सरांना 'मुलूखमैदान' म्हणायचो. सर शिकवायला लागले की बाजारपेठेपर्यंत आवाज जायचा. हे नाव कोणी ठेवलं याची आठवीत चौकशी झाली होती आणि शेवटच्या बाकावरच्या मुलांनी विनाकारण छड्या खाल्ल्या होत्या. सर, ते नाव मी ठेवलं होतं. सर पहिल्या रांगेत बसलेत, कानाला यंत्र आहे, पण हसतायत. म्हणजे ऐकू आलं!

त्याच वर्षीची गोष्ट. सरांनी सांगितलं, मुलूखमैदान तोफ विजापूरला न्यायला दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली. मी उभी राहून विचारलं, "सर, उतारावर ती धरली कशी?" सगळा वर्ग हसला. तोफ म्हटली की ती किती लांब उडवते, किती माणसं मारते हे विचारायचं असतं. पण त्याच पावसाळ्यात कोटंबी घाटात उतारावर आमची भाताची गाडी सुटली होती आणि आमचा एक बैल गेला होता. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. सरांनी एका आवाजात वर्ग गप्प केला आणि मला म्हणाले, "शोध, आणि सापडलं की मला सांग."

सर, तीस वर्षं उशीर झाला आहे. सांगते.

ही तोफ 1549 साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, निजामशाहीत ओतली गेली. ओतणारा मुहम्मद बिन हुसेन रूमी. रूमी म्हणजे तुर्कांच्या मुलखातून आलेला. मोठ्या तोफा ओतण्यात तेव्हा तुर्कांचा हात धरणारं कोणी नव्हतं. 1453 साली कॉन्स्टँटिनोपलचे तट त्यांनी अशाच तोफांनी फोडले होते. नाव ठेवलं मलिक-ए-मैदान, रणांगणाचा राजा. मराठी जिभेवर 'मलिक'चा 'मुलूख' झाला आणि पुढे फर्ड्या वक्त्यालाही आपण तेच नाव द्यायला लागलो.

लांबी साडेचौदा फुटांच्या आसपास, बाहेरचा व्यास जवळजवळ पाच फूट. तोंड एवढं मोठं की आत माणूस बसू शकतो. तोंडाला श्वापदाचा जबडा केलाय आणि त्यात हत्ती चिरडला जातोय. धातू घंटेचा, साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. हा धातू कडक असतो, पण ठिसूळही. तोफेसाठी कथील एवढं घालत नाहीत, नाहीतर तडकायची भीती. ही तडकली नाही. आजही हलकेच टिचकी मारली तर घंटेसारखी घुमते.

वजन पंचावन्न टन सांगतात. एवढ्या धुडाला काट्यावर कोण चढवणार? मी कागदावर हिशेब केला. पोकळ नळा धरून आतली पोकळी वजा केली आणि धातूच्या घनतेनं गुणलं, तर बावन्न-त्रेपन्न टन आले. आत मागच्या बाजूला पोकळी अरुंद होते, तिथला जास्तीचा धातू धरला की पंचावन्न पटतात. तिचा दगडी गोळा साडेचार क्विंटलच्या घरात जातो, म्हणजे भाताची नऊ पोती. तुर्कांनी 1464 साली ओतलेली एक प्रसिद्ध तोफ आज इंग्लंडमध्ये आहे. ती सतरा टनांची, तरीही दोन तुकड्यांत केलेली. आटे फिरवून जोडायची, न्यायची असेल तेव्हा सोडवायची. आपली पंचावन्न टनांची, आणि अखंड!

1565 च्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखान्याच्या चलबी रूमी खानानं तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरून विजयनगरच्या फौजेवर जवळून मारा केला, असं फरिश्ता लिहितो. त्यांत हीही होती असं पिढ्यान्पिढ्या सांगितलं जातं. पुढे 1600 साली मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर निजामशाहीचं बिऱ्हाड परांड्याला गेलं. तोफही परांड्याच्या किल्ल्यात होती. तिथून 1632 साली ती विजापूरला नेली आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं.

हा मुरार जगदेव म्हणजे ज्याच्या फौजेनं पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, तोच. आणि 1633 साली भीमा-इंद्रायणीच्या संगमावर हत्तीच्या वजनाइतकं दान करायचं म्हणून अडून बसलेलाही तोच. तेव्हा शहाजीराजांनी युक्ती सांगितली: हत्ती नावेत चढवा, पाणी कुठवर येतं तिथे खूण करा, मग खुणेपर्यंत नाव बुडेल एवढे दगड भरा आणि ते तोला. त्यावरून त्या गावाला तुळापूर नाव पडलं, असं सांगतात. जो माणूस पंचावन्न टन ओढून आणतो, त्याला वर्षभरानं एका हत्तीचं वजन काढता येईना, याची मला फार गंमत वाटते.

आता चारशे बैल. ही मला आधी थाप वाटायची. पण एक चांगला बैल दिवसभर चाळीस किलोच्या आसपास जोर लावतो. चारशेंचे सोळा टन झाले. कच्च्या वाटेवर गाडं ओढायला वजनाच्या दहावा हिस्सा जोर धरला, तर सपाटीला साडेपाच टन पुरतात. दहाला एक चढ असेल तर अकरा. बैल एकसाथ कधीच ओढत नाहीत, तेव्हा वरचे पाच टन त्यात गेले. आकडा बसतो.

उताराचं गणित मात्र माझ्याच्यानं सुटेना. गेल्या दिवाळीत मी बाबांना घेऊन विजापूरला गेले. गुडघे दुखत असताना ते शेर्झा बुरुजाच्या पायऱ्या चढले. भर उन्हात तोफेला हात लावला, तर धातू गार. जबडा, लेख, काही पाहिलं नाही. खाली वाकून विचारलं, "इथं यायच्या वाटेत नदी कोणती?"

"भीमा."

"मग ओढण्याचं काय घेऊन बसलीस? ओढायला चारशे बैल पुरतात. अडवायला पुढचे बैल कामाचे नाहीत, ते तर चिरडतात. बैल सोडून मागं बांधायचे, माणसं मागं दोरावर घालायची, आणि चाकाच्या पुढं दगड टाकत एकेक हात उतरायचं. दगड टाकणारा पोरगा चपळ पाहिजे."

मी त्यांना सांगितलं की हिच्या जोडीला कडक बिजली नावाची दुसरी तोफ निघाली होती आणि ती भीमेत बुडाली, अशी आख्यायिका आहे. बाबा लगेच म्हणाले, "पाण्यात नाही बुडाली. काठाच्या उतारावर सुटली असणार." थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "आपली सुटली तशी." आमच्या त्या बैलाबद्दल ते तीस वर्षांत पहिल्यांदा बोलले.

पुढचं थोडक्यात. 1686 साली औरंगजेबानं विजापूर घेतलं आणि तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरवला. 1854 साली इंग्रज सरकारनं जुनं सामान म्हणून तिचा लिलाव केला. बोली लागली दीडशे रुपये, म्हणजे क्विंटलला जेमतेम सव्वाचार आणे! तिथल्या असिस्टंट कमिशनरला लोकांच्या लेखी तिची किंमत काय आहे हे कळलं आणि त्यानं विक्री रद्द करवली. नाहीतर मुलूखमैदानाची तपेली झाली असती, आणि सरांना दुसरं नाव शोधावं लागलं असतं.

सर, उत्तर हे असं आहे. दोर कसा बांधायचा, किती माणसं मागं घालायची, हे मला नीट सांगता येणार नाही. बाबा आलेत, मागच्या खुर्चीवर दाराजवळ बसलेत. चहाच्या वेळी त्यांनाच विचारा. त्यांच्याही कानाला यंत्र आहे, तेव्हा आपल्या जुन्या आवाजात विचारा.