फास्टर फेणे : दोन पिढ्यांचा दोस्त

श्रोतेहो, भा. रा. भागवत यांनी मराठी मुलांना दिलेला बनेश ऊर्फ फास्टर फेणे,
म्हणजे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला किडकिडीत मुलगा,
आजही सायकलवरून सुसाट सुटतो,
आणि काही विलक्षण दिसले की तोंडाने ‘ट्टॉक्’ असा आवाज काढतो.

साहसकथा, म्हणजे धोका आणि युक्ती यांवर चालणारी गोष्ट,
भागवतांच्या हातखंड्याची होती;
ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्याही त्यांनी मराठीत आणल्या.

दूरदर्शनवर फेणे पाहिलेले आईवडील आता फेणेचीच पुस्तके मुलांसाठी शोधतात;
२०१७ चा फेणेवरचा चित्रपट मात्र मोठ्यांचाच अधिक वाटतो.

पुस्तक, श्रोतेहो, दोन्ही पिढ्यांचे आहे.
आपल्या चितेगावातल्या घरोघरी ते रात्री मोठ्याने वाचावे;
‘ट्टॉक्’ तेवढा मुलांना काढू द्यावा.